सोसायटीत सोलर बसवायचंय? गच्चीवर जायच्या आधी कॉमन मीटरचं बिल काढा

सोसायटीत सोलरचा विषय निघाला की पहिला प्रश्न सगळीकडे एकच, "गच्चीवर किती पॅनल मावतील?" माझं म्हणणं असं की हा प्रश्न चौथा-पाचवा आहे. पहिला प्रश्न हा की आपलं कॉमन मीटर वर्षाला किती युनिट खातं आणि नक्की कशावर खातं. तो सुटला की बाकीची उत्तरं आपोआप जागेवर येतात, आणि तो सोडून पुढं गेलात की मग वेंडर सांगेल तेवढे किलोवॅट लावले जातात. शहर सस्टेनेबल करायचं म्हणजे कुठंतरी दूर वाळवंटात सोलर पार्क आणि समुद्रात पवनचक्क्या असं आपल्या डोक्यात असतं, तेही हवंच, पण पुणे-ठाणे-नाशिकमध्ये लोक राहतात ते सोसायट्यांत, आणि प्रत्येक सोसायटीकडे दोन गोष्टी अशा आहेत ज्या कुणा एकाच्या नाहीत, सगळ्यांच्या आहेत: वरची गच्ची आणि खालचा ओला कचरा. दोन्हींतून एनर्जी मिळते. ती कशी काढायची हे मी आमच्या आणि ओळखीच्या सोसायट्यांत जे बघितलं, शिकले, त्यावरून सविस्तर लिहितेय. बंगला किंवा रो-हाऊसवाल्यांनाही यातलं बरंच कामी येईल.

आधी बिलं

कॉमन मीटरची, म्हणजे लिफ्ट, पाण्याचे पंप, जिने-पार्किंगचे दिवे, असेल तर एसटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लँट, या सगळ्यांची मागच्या १२ महिन्यांची बिलं काढा. मुंबईतले असाल तर बेस्ट, टाटा पॉवर किंवा अदानीचं बिल असेल, बाकी बहुतेक ठिकाणी महावितरणचं. ट्रेझररकडे फाईल असतेच, नसली तर वेबसाईटवर ग्राहक क्रमांक टाकून जुनी बिलं मिळतात. प्रत्येक बिलातून तीनच गोष्टी एका कागदावर उतरवा: त्या महिन्याचे युनिट, एकूण रक्कम आणि मंजूर भार. मंजूर भार म्हणजे सँक्शन्ड लोड, हा आकडा पुढं फार महत्त्वाचा आहे कारण महाराष्ट्रात नेट मीटरिंगखाली, म्हणजे जास्तीची सोलर वीज ग्रिडला (वीज कंपनीच्या लाईनला) देऊन ती बिलात वळती करून घ्यायच्या सोयीखाली, साधारण त्या भारापेक्षा जास्त क्षमतेचं सोलर लावता येत नाही. जास्त हवं असेल तर आधी लोड वाढवून घ्यायचा अर्ज करावा लागतो, आणि ते काम वेळ खातं.

मग एकूण रकमेला युनिटनं भागा, म्हणजे एक युनिट आपल्याला खरोखर कितीला पडतं ते कळतं. घरगुती दरांत स्लॅब असतात, जितका वापर जास्त तितका वरच्या स्लॅबचा दर महाग, आणि सोसायटीचं कॉमन मीटर एकटंच सगळ्या इमारतीचा भार ओढत असल्यानं त्याचे बरेचसे युनिट वरच्या स्लॅबमध्येच जातात. म्हणून कॉमन मीटरवर सोलर लावणं हे एकेकट्या फ्लॅटच्या मीटरपेक्षा बऱ्याचदा जास्त फायद्याचं पडतं. ज्याच्या घरी महिन्याला ८०-९० युनिट जळतात त्याला सोलरचा फायदा फार दिसणार नाही, पण लिफ्ट आणि पंपाचं बिल मेंटेनन्समधून तोही भरतोच, आणि हे मीटिंगमध्ये सांगितलं की लोकांना पटतं.

हे झालं की एक दिवस इलेक्ट्रिशियनला बरोबर घेऊन मीटर रूमपासून गच्चीपर्यंत फिरा. कुठला पंप किती एचपीचा, रोज किती तास चालतो, किती ट्यूब रात्रभर जळतात, लिफ्टचा ड्राईव्ह जुना आहे की व्हीव्हीव्हीएफ, म्हणजे मोटरचा वेग गरजेप्रमाणे बदलून वीज वाचवणारा. यात पंप हा मोठा गडी निघतो बहुतेक वेळा. वॉचमन सवयीनं पंप लावतो, टाकी भरून वाहायला लागते तेव्हा बंद करतो, मधला वेळ वीज आणि पाणी दोन्ही वाया. टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारा लेव्हल कंट्रोलर लावला की तो प्रश्न संपतो. पार्किंगमध्ये मोशन सेन्सरवाले एलईडी, जिन्यात पण तेच. जुन्या ट्यूब बदलून नुसतं एवढं केलं तरी बिल खाली येतं, आणि मग सोलरचा प्लँट पण तेवढा लहान लागतो, म्हणजे पैसे दोनदा वाचतात. सोलर आधी आणि बचत नंतर असं करू नका, उलटं करा.

शक्य असेल तर पंपाची वेळ पहाटेवरून दुपारकडे सरकवा, ११ ते २ च्या मध्ये टाकी भरा. नेट मीटरिंग असलं की जास्तीची वीज ग्रिडमध्ये जाऊन जमा होते, त्यामुळं वेळेनं फार फरक पडत नाही असं काही जण म्हणतील. पण जी वीज गच्चीवर तयार होऊन तिथल्या तिथं खालच्या पंपात गेली ती ग्रिडवर भार न टाकता गेली, आणि शिवाय नियम बदलत राहतात, दिवसाच्या विजेचे आणि रात्रीच्या विजेचे दर वेगळे व्हायला लागलेत, तेव्हा दिवसाचा वापर दिवसा ही सवय आत्ताच लावलेली बरी.

गच्ची बघताना सावली बघा

१ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावली नसलेली जागा लागते. यातला "सावली नसलेली" हा शब्द लोक विसरतात. गच्चीवर पाण्याच्या टाक्या असतात, लिफ्टची मशीन रूम असते, जिन्याची केबिन, डिश अँटेना, मोबाईल टॉवर, शेजारची उंच बिल्डिंग. पॅनल एकमेकांना सीरिजमध्ये जोडलेले असतात, त्याला स्ट्रिंग म्हणतात, आणि एका पॅनलवर सावली पडली की फटका त्या एकट्याला बसून थांबत नाही, त्याच्याबरोबरच्यांचं जनरेशनही खाली येऊ शकतं.

सावली मोजायचा उत्तम काळ म्हणजे डिसेंबरचा शेवटचा पंधरवडा, कारण २१-२२ डिसेंबरला सूर्य सगळ्यात जास्त दक्षिणेला आणि खाली असतो. पुण्यात त्या दिवसात दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य सगळ्यात वर येतो तेव्हाही तो क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपासच असतो, म्हणजे १० फुटी टाकीची सावली उत्तरेकडे ९ फूट पडते. सकाळी साडेनऊला तीच सावली जवळजवळ दुप्पट लांब असते. तर खडू घ्या, सकाळी साडेनऊ, दुपारी साडेबारा आणि साडेतीन अशा तीन वेळा गच्चीवर जा आणि प्रत्येक सावलीची कड फरशीवर आखा. सोसायटीतली पोरं हे काम आनंदानं करतात, त्यांना सांगा. तीन वेळच्या रेषा आखून झाल्या की मधला जो भाग एकदाही सावलीत आला नाही ती तुमची खरी जागा. तिचा फोटो काढा, टेपनं मोजा, कागदावर नकाशा काढा. वेंडर आला की त्याच्या हातात हा नकाशा द्यायचा, मग तो "अहो होईल की सगळं" असं म्हणत नाही, तो पण नीट बोलायला लागतो.

डिसेंबरपर्यंत थांबायला वेळ नसेल तर मोबाईलवर सूर्याचा मार्ग दाखवणारी ॲप आहेत, त्यावर २१ डिसेंबर तारीख टाकून बघता येतं. आणि उलटी बाजू पण लक्षात ठेवा, मे महिन्याच्या मध्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, त्यानंतर जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, त्यामुळं उत्तरेकडच्या उंच भिंतीची थोडी सावली त्या दिवसांत दक्षिणेला पडते. ती फार नसते, आणि त्यातले निम्मे दिवस ढगाळच असतात, पण पॅनल भिंतीला अगदी चिकटून लावू नका. दक्षिणेला रिकामा प्लॉट असेल तर तिथं काय येणार आहे ते आत्ताच विचारून घ्या, उद्या तिथं १५ मजली टॉवर उभा राहिला तर तुमची हिवाळ्यातली वीज गेली.

आता गळती. वरच्या मजल्यावरच्या लोकांची भीती अगदी खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. स्ट्रक्चरचे पाय बसवताना कोब्यातून ड्रिल मारलं आणि वॉटरप्रूफिंगचा थर फुटला तर पहिल्याच पावसाळ्यात त्यांच्या बेडरूमच्या छतावर ओल येते. गच्चीचं वॉटरप्रूफिंग जुनं झालं असेल, पुढच्या दोन-चार वर्षांत करायचंच असेल, तर ते सोलरच्या आधी करून घ्या. नंतर पॅनल उतरवून पुन्हा चढवण्याचा खर्च उगाच बसतो. स्ट्रक्चर बसवायचं ते शक्यतो कॉलम-बीमच्या जागी पेडेस्टल म्हणजे काँक्रीटचे छोटे खांब बांधून, नाहीतर कोब्याला भोक न पाडता काँक्रीटच्या वजनी ठोकळ्यांवर, आणि कुठला प्रकार आपल्या इमारतीला झेपेल हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. वाऱ्याचा हिशोब त्यात आला पाहिजे: भारतीय मानकाप्रमाणे डिझाईनसाठी मूळ वाऱ्याचा वेग पुण्याला सेकंदाला ३९ मीटर धरतात, मुंबईला ४४. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानं रायगडात काय केलं आणि २०२१ च्या मे मध्ये तौक्तेनं किनाऱ्यावर काय केलं ते आपण बघितलंय, तेव्हा कोकण-गोवा-मुंबईवाल्यांनी यात एक रुपयाही वाचवू नये. खारी हवा असेल तिथं हॉट-डिप गॅल्वनाइज्ड किंवा ॲल्युमिनियमचं स्ट्रक्चर आणि स्टेनलेस स्टीलचे नट-बोल्ट, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या.

किती किलोवॅट आणि किती पैसे

आपल्या भागात १ किलोवॅट वर्षाला साधारण १,३०० ते १,४०० युनिट देतं, सरासरी रोज ४ युनिटच्या जरा खाली. ही सरासरी आहे हे ध्यानात ठेवा, एप्रिल-मे मध्ये भरपूर, जुलै-ऑगस्टमध्ये त्याच्या जेमतेम निम्मं. त्यामुळं पावसाळ्यातलं बिल बघून "सोलर फेल गेलं" म्हणून कुणी ओरडायला लागलं तर वर्षाचा हिशोब दाखवा.

समजा बचतीचे उपाय करून झाल्यावर तुमचं कॉमन मीटर वर्षाला २४,००० युनिट खातं. २४,००० भागिले १,४०० म्हणजे १७ किलोवॅट झाले. त्याला १,७०० चौरस फुटांच्या आसपास मोकळी जागा हवी. किंमत पॅनलचा प्रकार, स्ट्रक्चरची उंची आणि गावाप्रमाणे बदलते, हिशोबापुरती आपण किलोवॅटला ५५,००० धरू, म्हणजे ९,३५,००० रुपये. केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाली, तिच्यात हाऊसिंग सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये सबसिडी आहे, त्यात ईव्ही चार्जिंग पण धरलंय, आणि मर्यादा घरटी ३ किलोवॅट या हिशोबानं ५०० किलोवॅटपर्यंत. म्हणजे १७ किलोवॅटला ३,०६,००० परत, खिशातून गेले ६,२९,०००. तुमचं युनिट १० रुपयाला जरी पडत असेल तरी वर्षाला २,४०,००० वाचतात, म्हणजे तीन वर्षांच्या आत पैसे वसूल. मी मीटिंगमध्ये नेहमी चार वर्षं सांगते, कारण साफसफाई, दुरुस्ती, एखादा खराब पावसाळा हे सगळं धरलेलं बरं, आणि पॅनल २५ वर्षं चालतात तेव्हा चार वर्षं हा आकडासुद्धा उत्तमच आहे. इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची डीसी वीज आपल्या वापराच्या एसी विजेत बदलणारं यंत्र, मात्र २५ वर्षं जात नाही, मध्ये एकदा तरी बदलावा लागतो, त्याचे पैसे वाचलेल्या बिलातून आत्तापासून बाजूला टाका.

स्वतःच्या बंगल्याला किंवा रो-हाऊसला लावणाऱ्यांना सबसिडी वेगळी आहे: १ किलोवॅटला ३०,०००, २ ला ६०,०००, आणि ३ किंवा त्याहून जास्त कितीही लावलं तरी ७८,०००. सबसिडी हवी असेल तर पॅनल डीसीआर म्हणजे भारतात बनलेल्या सेलचेच लागतात, ते थोडे महाग असतात, आणि वेंडर योजनेच्या नॅशनल पोर्टलवर नोंदलेला असला पाहिजे. सबसिडी आधी मिळत नाही, काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर थेट बँक खात्यात येते, तेव्हा पूर्ण रकमेची सोय करूनच उतरा. पुण्यात महापालिका सोलर, पावसाचं पाणी जिरवणं, गांडूळखत असे प्रकल्प चालू असतील तर मिळकतकरातल्या सामान्य करात ५ ते १० टक्के सवलत देते, अर्ज करावा लागतो, बरेच जण करत नाहीत.

आणि हो, १७ किलोवॅट लागत असताना गच्ची मोकळी आहे म्हणून ३० लावू नका. वर्षाच्या शेवटी, म्हणजे ३१ मार्चला, जे युनिट खात्यात उरतात त्यांचे पैसे मिळतात पण तो दर तुम्ही भरता त्या दराच्या जवळपासही नसतो. मीटरच्या मापाचं सोलर, गच्चीच्या मापाचं नाही. एकच अपवाद, पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक गाड्या भराभर वाढत असतील तर त्यांचा लोड धरून थोडं मोठं घ्या.

पैसे नसतील तर, आणि रिडेव्हलपमेंट असेल तर

सोसायटीकडे रोख नसेल तर रेस्को नावाचा प्रकार आहे, कंपनी स्वतःच्या पैशानं प्लँट लावते आणि सोसायटी तिला युनिटमागे ठरलेला दर देते, तो बिलाच्या दरापेक्षा कमी असतो. ऐकायला फारच छान. पण करार १५-२० वर्षांचे असतात, तेव्हा दर दरवर्षी किती वाढणार, मध्येच बाहेर पडायचं तर किती भरायचं, गच्चीची दुरुस्ती करायची झाली तर पॅनल कुणी हलवायचे, ही तीन कलमं वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको. माझं मत विचाराल तर घरटी वर्गणी काढून किंवा बँकेचं कर्ज घेऊन स्वतःचा प्लँट लावणं बरं, कर्जाचा हप्ता बऱ्याचदा वाचलेल्या बिलातूनच जातो. सिंकिंग फंडाला हात लावायचा विचार असेल तर आधी आपले उपविधी वाचा आणि ऑडिटरला विचारा.

बिल्डिंग ३०-३५ वर्षांची असेल आणि रिडेव्हलपमेंटची चर्चा चालू असेल तर लांबचा रेस्को करार अजिबात करू नका. स्वतःचे पॅनल असतील तर ते उतरवून नव्या इमारतीवर नेता येतात, स्ट्रक्चर आणि केबलचा खर्च तेवढा जातो. आणि नव्या इमारतीच्या प्लॅनमध्येच टाक्या आणि लिफ्ट रूम उत्तरेकडे ढकलायला आर्किटेक्टला आत्ताच सांगून ठेवा, दक्षिण बाजू मोकळी राहू दे. फुकटात होणारी गोष्ट आहे, फक्त वेळेत सांगायला हवी.

मीटिंग

खरं काम इथं आहे. टेक्निकल गोष्टी वेंडर करतो, पण जनरल बॉडीत ठराव पास करून घेणं हे आपलं आपल्यालाच करायचं असतं. माझा अनुभव असा की ठराव मीटिंगमध्ये पास होत नाही, मीटिंगच्या आधीच्या पंधरवड्यात पास होतो. आधी वरच्या मजल्यावरच्या लोकांच्या घरी जा, चहा प्या, वॉटरप्रूफिंगचा प्लॅन दाखवा, गळती झाली तर खर्च कुणाचा हे ठरावात लिहू असं सांगा आणि तसं लिहाच. मग गच्ची वापरणारी मंडळी. उन्हाळ्यात कुरडया-पापड-सांडगे तिथंच वाळतात, कोजागिरीचं दूध तिथंच आटतं, पोरं तिथंच क्रिकेट खेळतात, आणि "गच्ची गेली" ही भावना फार मोठी असते. त्यांना सांगा की स्ट्रक्चर ८-९ फूट उंच घेता येतं, खाली मांडवासारखी सावली मिळते आणि वावरता येतं. उंच स्ट्रक्चर महाग पडतं, वारा जास्त धरतं, त्यामुळं लोखंडही जास्त लागतं, पण माणसं राजी होत असतील तर तो खर्च करावा असं मला मनापासून वाटतं. पापडाला ऊन हवं म्हणून दक्षिणेची एक पट्टी मोकळी सोडली तरी चालते. उंच स्ट्रक्चरला महापालिकेचे काय नियम लागतात ते आर्किटेक्टला विचारून घ्या, आगीच्या वेळी गच्चीवर पळायची वाट आणि टाक्यांकडे जायची वाट मोकळीच राहिली पाहिजे.

मीटिंगमध्ये प्रेझेंटेशन वगैरे नको, एकच कागद वाटा. डाव्या बाजूला १२ महिन्यांची बिलं, उजव्या बाजूला खर्च, सबसिडी, घरटी वाटा, किती वर्षांत परत. ज्येष्ठ मंडळींसाठी अक्षर मोठं ठेवा. आणि कुणी विचारलं, "लाईट गेल्यावर लिफ्ट सोलरवर चालेल ना?" तर खरं ते सांगा: नाही चालणार. ग्रिडला जोडलेला साधा सोलर प्लँट लाईट गेली की आपोआप बंद पडतो, भर उन्हात सुद्धा, कारण नाहीतर आपली वीज उलटी लाईनवर जाईल आणि खांबावर चढलेल्या लाईनमनच्या जिवावर बेतेल. बॅकअप हवा असेल तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, तो खर्च वेगळा. जनरेटर असेल तर सोलर आणि जनरेटर एकमेकांशी कसे वागतील हे वेंडरकडून ड्रॉईंगवर दाखवून घ्या. ही गोष्ट आधी सांगितली नाही तर पहिल्यांदा लाईट गेल्यावर कमिटीवर सगळे तुटून पडतात.

कोटेशन

कमीत कमी तीन घ्या, आणि तिघांनाही एकाच मापाचं विचारा नाहीतर तुलना होत नाही. कोटेशनमध्ये नुसतं "१७ किलोवॅट सोलर सिस्टिम" असं एका ओळीत लिहून रक्कम टाकली असेल तर परत पाठवा. पॅनलचा मेक, मॉडेल, एकेकाचे वॅट, डीसीआर की नाही. इन्व्हर्टरचा मेक आणि वॉरंटी किती वर्षांची, सर्व्हिस सेंटर कुठल्या गावात. स्ट्रक्चरच्या लोखंडाची जाडी आणि गॅल्वनाइजिंग किती मायक्रॉन. केबल कुठल्या कंपनीची. अर्थिंगचे खड्डे किती: डीसी बाजू, एसी बाजू आणि लायटनिंग अरेस्टर यांचं अर्थिंग वेगवेगळं पाहिजे, इथं कमी खड्डे मारून पैसे वाचवतात आणि मग वळवाच्या पावसात वीज पडली की इन्व्हर्टर जातो. नेट मीटरची फी, लायझनिंग, मीटर टेस्टिंग हे रकमेत धरलंय की वेगळं. पहिल्या वर्षी कमीत कमी किती युनिट देणार याची लेखी हमी. सूर्यघर योजनेत पहिल्या पाच वर्षांची देखभाल वेंडरनं करायची असते, ती कोटेशनवर आहे का बघा.

पेमेंट टप्प्याटप्प्यानं करा, आणि शेवटचा मोठा हप्ता नेट मीटर बसून प्लँट चालू झाल्यावरच. हे मी जोर देऊन सांगतेय कारण पॅनल चढले, फोटो काढले, पूर्ण पैसे गेले आणि मग नेट मीटरच्या कागदांसाठी महिनोन्‌महिने कुणी फोन उचलत नाही, असं ओळखीच्या एका सोसायटीत झालंय. २०२४ च्या फेब्रुवारीत ग्राहक हक्कांच्या नियमांत बदल झाला, १० किलोवॅटपर्यंतच्या प्लँटला वीज कंपनीचा तांत्रिक तपासणीचा टप्पा आता लागत नाही, अर्ज मंजूर धरला जातो. त्यावर असाल तर तपासणी होते, तेव्हा अर्ज आधीच टाकून ठेवा, पॅनलची ऑर्डर मंजुरी हातात आल्यावर.

चालू झाल्यावर

पहिलं बिल येईल ते अख्खी कमिटी बसून वाचा. त्यावर आयात युनिट (ग्रिडकडून घेतलेले) आणि निर्यात युनिट (ग्रिडला दिलेले) असे दोन आकडे असतात, आणि मागच्या महिन्याचे शिल्लक युनिट पुढं ओढले गेलेत की नाही हे दिसतं. मीटरचे आकडे स्वतः वाचून बिलाशी ताडून बघा. चूक असेल तर पहिल्या महिन्यातच अर्ज द्या, नंतर निस्तरणं जड जातं.

इन्व्हर्टरचं ॲप कमीत कमी दोघांच्या मोबाईलवर असू दे, एकाच्याच फोनवर असलं आणि ते फ्लॅट विकून गेले की पासवर्ड पण जातो. महिन्याला एकदा एकूण युनिट वहीत लिहा, त्याला किलोवॅटनं भागा. मार्च-एप्रिलमध्ये किलोवॅटला महिन्याचे १२०-१३० युनिट येत नसतील तर काहीतरी बिघडलंय, बहुतेक वेळा धूळ.

धुळीचं असं की पुण्यात दिवाळीनंतर पाऊसच नाही, आणि बाजूला बांधकाम चालू असलं की पंधरा दिवसांत पॅनल मातकट होतात. महिन्यातून दोनदा तरी धुवायचे. सकाळी सूर्य वर यायच्या आत किंवा संध्याकाळी, तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही. मऊ ब्रश, साधं पाणी, साबण नको. बोअरचं क्षारवालं पाणी वापरलं तर काचेवर पांढरे डाग बसतात आणि ते निघत नाहीत, म्हणून कॉर्पोरेशनचं पाणी वापरा किंवा धुतल्यावर लगेच वायपर मारा. गच्चीवर नळाचा पॉईंट प्लँट बसवतानाच काढून घ्या. कबुतरं हा मुंबई-पुण्यातला खरा ताप, पॅनलच्या खाली घरटी करतात, विष्ठेनं काच झाकते, वायर कुरतडायला मग उंदीर पण येतात. पॅनलच्या कडेनं जाळी सुरुवातीलाच लावून घ्या, नंतर लावायची तर सगळं साफ करण्यातच दिवस जातो. आणि उंच स्ट्रक्चरवर सफाईला चढणाऱ्या माणसाला सेफ्टी बेल्ट आणि चालायला जाळीची फळी द्यायलाच हवी, यात चालढकल नको.

आता खालचा ओला कचरा

गच्ची झाली, खाली या. घनकचरा नियमांनुसार रोज १०० किलोच्या वर कचरा करणाऱ्या सोसायट्या "मोठे कचरा निर्माते" ठरतात आणि ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायची जबाबदारी त्यांच्यावर येते. बहुतेक जण कंपोस्ट करतात, चांगलंच आहे. पण मोठी सोसायटी असेल, जवळ मेस किंवा हॉटेल असेल, तर बायोगॅसचा विचार जरूर करा, आणि यात महाराष्ट्राचं स्वतःचं काम फार मोठं आहे. ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञान बनवणाऱ्या पुण्याच्या आरती संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी शेणाऐवजी उरलेल्या अन्नावर आणि पिठावर चालणारा छोटा बायोगॅस प्लँट बनवला, त्याला २००६ साली लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी निसर्गऋण नावाचा मोठा प्लँट विकसित केला, त्याच्यात कचरा आधी मिक्सरसारख्या यंत्रात बारीक होतो आणि दोन टप्प्यांत कुजतो. तेव्हा तंत्र बाहेरून आणायची गरज नाही, विचारायला माणसं इथंच आहेत.

हिशोब ढोबळमानानं असा: १०० किलो ओल्या कचऱ्यातून १० घनमीटरच्या आसपास गॅस, आणि १ घनमीटर गॅस म्हणजे अर्ध्या किलोच्या जरा खाली एलपीजी. म्हणजे रोज १०० किलो नीट वेगळा केलेला कचरा पडला तर १९ किलोचा एक कमर्शियल सिलिंडर चार-पाच दिवसांत भरून निघतो. हा गॅस वॉचमन आणि सफाई कामगारांच्या स्वयंपाकाला द्या, किंवा सोसायटीच्या हॉलच्या किचनला, किंवा आवारातल्या एखाद्या डे-केअरला. गॅस लांब नेण्यापेक्षा प्लँटच्या जवळच वापरलेला चांगला.

प्लँटला काय आवडतं ते नीट सांगितलं पाहिजे घराघरात. शिळा भात-पोळी, भाज्यांची देठं, फळांची साल चालते. नारळाची करवंटी, आंब्याची कोय, हाडं, शेंगांची टरफलं नाही. लिंबू-संत्र्याची साल आणि कांद्याची साल जास्त झाली की आतलं आंबट होतं आणि गॅस थांबतो, म्हणून ती कंपोस्टला. सुरुवात करताना शेणाचं पाणी भरून काही आठवडे थांबावं लागतं, जिवाणू वाढेपर्यंत कचरा अगदी थोडा थोडा, घाई केली तर आंबूस वास सुटतो आणि लोक प्लँट बंद करायला लावतात. गॅसला कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाईडचा, बर्नर आणि पाईप खातो तो, म्हणून मध्ये लोखंडाच्या किसाचा फिल्टर लावतात आणि तो अधूनमधून बदलावा लागतो. बाहेर पडणारी स्लरी, म्हणजे कुजून उरलेलं पातळ खत, बागेला पाण्यात पातळ करून, थेट नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रोज सकाळी कचरा बघून, प्लास्टिकची पिशवी आणि चमचा वेचून, मोजून आत टाकणारा एक ठरलेला माणूस. सोलर एकदा बसवलं की बऱ्यापैकी आपलं आपण चालतं, बायोगॅस तसा नाही, तो रोज हातानं चालवावा लागतो. हे काम सफाईवाल्या मावशींच्या नेहमीच्या कामावर फुकट चढवू नका, त्यांना वेगळा पगार, हातमोजे, गमबूट आणि आठवड्याची सुट्टी द्या, सुट्टीच्या दिवशी कोण करणार ते पण लिहून ठेवा. हा माणूस आणि त्याचा पगार जनरल बॉडीत मंजूर झाल्याशिवाय प्लँटची ऑर्डर देऊ नका.